मदत हवी आहे: बोट कापलं, रक्त थांबतच नाहीये

केळीबाग: अर्जंट आहे. बागेत केळीची पिलं (बुंध्याशी फुटलेले कोंब) कापताना वडिलांच्या बोटाला विळा लागला, अर्धा तास झाला रक्त येतंच आहे, फडकं बांधतो, सोडून बघतो की परत सुरू. जखम काही एवढी मोठी नाही, मला असं लागलं तर पाच मिनिटात बंद होतं. रावेरला जायला आत्ता गाडी पण नाही. लवकर सांगा.

तापीकाठ: भो, रक्त उडतंय का वाहतंय? उडत असेल तर धमनी कापली, इथे टाइप करत बसू नको, १०८ लाव.

केळीबाग: उडत नाही, झिरपतंय. करंगळी आहे.

सावदेकर_आबा: तंबाखू दाब. आमच्याकडे सालदार तेच करतात, नाहीतर हळद.

धुळ्याची_ताई: आबा, ती तंबाखू नंतर जखमेतून आम्हा नर्स लोकांनाच काढावी लागते. केळीबाग, आधी ते सोडून बघणं बंद करा. कापलं की रक्तवाहिनी आवळते, मग प्लेटलेट नावाच्या रक्तातल्या बारीक पेशी चिकटून कच्चं बूच बसतं, त्यावर फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जाऊन ते पक्कं होतं. तुम्ही दर दोन मिनिटाला ते बूच उपटताय. स्वच्छ कापडाने सलग १० ते १५ मिनिटं घट्ट दाबा, हात छातीच्या वर. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवा, खालचं काढू नका. गोळ्या कुठल्या चालू आहेत?

केळीबाग: बीपी, शुगर. त्याचा काय संबंध?

रोज_काढा: डेंग्यू असेल, प्लेटलेट कमी झाल्या की असंच होतं. पपईच्या पानाचा रस द्या. बीट पण द्या.

तापीकाठ: डेंग्यू कुठून काढला? हार्टचं काही आहे का त्यांना?

केळीबाग: मागच्या वर्षी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) टाकला. सकाळी अ‍ॅस्पिरिन आणि अजून एक छोटी गोळी असते. पण मी बोटाचं विचारतोय.

लॅबवाला_भुसावळ: घ्या, सगळं तिथेच तर आहे!! अ‍ॅस्पिरिनने प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पडतं, आणि प्लेटलेटला केंद्रकच नाही म्हणून ते एन्झाइम नवीन बनवता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, तशीच. सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) केली तर आकडा दीड ते साडेचार लाखात नॉर्मलच दिसेल, पण त्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत. वेळ लागणारच.

सावदेकर_आबा: मग गोळ्या दोन दिवस बंद करा.

धुळ्याची_ताई: अजिबात नाही!!! स्टेंटमध्ये गुठळी झाली तर बोट राहील बाजूला, हार्ट अटॅक येईल. डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळी चुकवायची नाही.

शिरपूरकर: यावरून आठवलं, घोणस चावली की पण रक्त थांबत नाही, विषाने गोठायचे घटकच संपतात. डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून बघतात, गोठलं नाही तर अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध.

तापीकाठ: साप कुठून आला इथे भो

केळीबाग: घड्याळ लावून १५ मिनिटं दाबलं. थांबल्यासारखं वाटतंय. उचलून बघू का?

धुळ्याची_ताई: नाही!! वरूनच पट्टी गुंडाळा आणि शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन आजच दवाखान्यात जा. काठ उघडे असतील तर टाके लागतील, विळा मातीतला आहे तर धनुर्वाताचं इंजेक्शन पण विचारा. तिथे गेल्यावर स्टेंटचं आणि गोळ्यांचं सगळ्यात आधी सांगा.

केळीबाग: निघतोय.

सावदेकर_आबा: रावेरला चाललाच आहेस तर केळीचा भाव काय निघाला ते टाक इथे.