जुन्या एमएम ५४० जीपचे हेडलाईट : बल्ब बदलावा, वायरिंग बदलावे की पूर्ण दिवाच?

भोरची_जीप

आमच्या घरी १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि पाटे (लीफ स्प्रिंग) यांची कामे वेळच्या वेळी झालेली असल्यामुळे गाडी आजही रोजच्या वापरात आहे. भोरहून वरंधा घाटाने महाडकडे आमचे नेहमी जाणे-येणे असते आणि त्यातला बराच प्रवास अंधार पडल्यावर होतो. अडचण आहे ती केवळ हेडलाईटची. दिवे सात इंची गोल आहेत, काचा शाबूत आहेत, बल्ब एच-४ प्रकारचे ६०/५५ वॅटचे आहेत. तरीही डिपरवर (खाली वळवलेल्या झोतावर) समोरचा रस्ता जेमतेम वीस-पंचवीस मीटर दिसतो, आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावर तर उजेड पडला आहे की नाही हेच कळत नाही.

दुकानदाराने तीन पर्याय सांगितले : १००/९० वॅटचे बल्ब, त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब, किंवा थारसाठी मिळणारे सात इंची पूर्ण एलईडी दिवे. खर्च करण्याची तयारी आहे. मात्र समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाच्या किंवा दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर झोत टाकून मला घाट चढायचा नाही, आणि नोंदणीच्या पुढील नूतनीकरणात आरटीओमध्ये हरकत निघेल असे काहीही गाडीवर नको आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

व्होल्ट_आणि_अँपिअर

तीनपैकी कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी आपल्या बल्बपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात हे मोजावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. एच-४ बल्ब १३.२ व्होल्टवर अप्परला (लांबच्या झोताला) साधारण १६५० आणि डिपरला साधारण १००० लुमेन (उजेडाचे एकक) देतो. तोच बल्ब साडेअकरा व्होल्टवर जळत असेल, तर एक-तृतीयांशाहून अधिक उजेड आपण वाटेतल्या तारांमध्येच गमावत आहात.

जुन्या गाड्यांमध्ये हे जवळजवळ ठरलेलेच असते. बॅटरीपासून निघालेला दोन्ही दिव्यांचा पूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, तिथून डिपर स्विचमधून आणि मग बारीक तारांनी पुढच्या मडगार्डपर्यंत जातो. तीस वर्षांत प्रत्येक जोडावर गंज चढतो आणि प्रत्येक जोड थोडेथोडे व्होल्टेज खातो.

मोजण्याची पद्धत अशी : इंजिन चालू ठेवून, दिवे डिपरवर लावून, प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर आणि नंतर बल्बच्या मागच्या होल्डरवर मल्टिमीटर लावावा. बल्ब होल्डरमध्ये असताना आणि जळत असतानाच मोजावे, कारण लोड नसताना तार कितीही खराब असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्यानंतर मीटरची एक पिन बल्बच्या अर्थच्या (प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडाच्या) पत्तीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून तो आकडाही टिपावा. तो ०.२ व्होल्टहून जास्त असेल तर अर्थमध्ये दोष आहे.

१००/९० वॅटच्या बल्बचा विचार कृपया सोडून द्यावा. सध्या दोन दिव्यांना डिपरवर नऊ-साडेनऊ अँपिअर लागतात, त्या बल्बना पंधरा लागतील. त्या प्रवाहाने याच तारांमध्ये व्होल्टेज आणखी पडेल, स्विचचे संपर्क तापतील आणि प्लॅस्टिकचा होल्डर वितळेल.

उस्ताद_कोल्हापूर

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. माझे आयुष्य ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात गेले, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

एमएम ५४० च्या दिव्याचा अर्थ पत्र्यावर घेतलेला असतो आणि त्या पत्र्याला मधल्या काळात दोनदा-तीनदा रंग लागलेला असतो. रंगावर घट्ट आवळलेला स्क्रू दिसायला पक्का दिसतो, पण अर्थ देत नाही. दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या तारा पत्र्यावरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्याव्यात.

दुसरी गोष्ट रिफ्लेक्टरची, म्हणजे दिव्यातल्या बल्बमागच्या आरशाची. बल्ब काढून आत टॉर्च मारून पाहावे. आतला मुलामा आरशासारखा लख्ख असेल तर ठीक, करडा किंवा डागाळलेला असेल तर पूर्ण युनिट (काच आणि रिफ्लेक्टर एकत्र) बदलावे. तो कपड्याने पुसण्याचा मोह कुणीही करू नये, कारण मुलामा अतिशय पातळ असतो आणि पुसताना निघून येतो. चांगल्या कंपनीचे काचेचे सात इंची एच-४ युनिट आजही बाजारात मिळते, आणि जुन्या, मंद रिफ्लेक्टरच्या जागी ते बसवल्यावर त्याच बल्बचा उजेड पाहून मालक मला नवा बल्ब टाकला का, असे विचारत असत. नवीन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोटे लावू नयेत. बोटांचा तेलकटपणा तापल्यावर काचेवर डाग पाडतो आणि बल्ब लवकर जातो.

काचेवर पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे काळा रंग लावलेला असेल तर तोही खरवडून काढावा. एच-४ मध्ये झोत खाली ठेवण्याची सोय बल्बच्या आतच असते.

प्रकाशरेषा

एलईडी बल्बविषयी सविस्तर लिहितो, कारण याच मुद्द्यावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत आणि त्याचा त्रास प्रत्येक रात्री समोरच्या माणसाला होतो.

एच-४ बल्बमध्ये दोन तंतू असतात. डिपरच्या तंतूखाली धातूची एक लहान पन्हळ असते, जिच्यामुळे त्या तंतूचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर वळतो. झोताची वरची कड स्वच्छ कापलेली दिसते ती या पन्हळीमुळे. तंतूची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते आणि रिफ्लेक्टरचा आकार त्याच जागेसाठी घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये प्रकाश तंतूतून चहूबाजूंनी न निघता एका पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या चपट्या चिपांतून निघतो. त्यामुळे गाडीजवळचा रस्ता पांढराशुभ्र उजळतो, चालकाला समाधान वाटते, परंतु लांबवर उजेड कमी पोहोचतो आणि कडेच्या वर विखुरलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वळणावळणाच्या घाटात आपला झोत सतत समोरच्या गाडीवरून फिरत असतो, हे लक्षात घेतले तर असा बल्ब तिथे वापरणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ असे सांगतो की, दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला झोताने दिपवता कामा नये. म्हणजे समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे दिपू नयेत, हीच नियमाची अट आहे.

पूर्ण एलईडी दिव्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात चिप, भिंग आणि रिफ्लेक्टर एकमेकांसाठीच बनवलेले असतात. मात्र सात इंची बाजारात अमेरिकी जीपसाठी बनवलेला माल पुष्कळ येतो, आणि त्याच्या झोताची कड उजवीकडे उचललेली असू शकते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे आपल्याकडे ती कड डावीकडेच उचललेली हवी. खरेदीपूर्वी दिवा दुकानातच भिंतीवर लावून ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी.

भोरची_जीप

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, डाव्या बल्बवर ११.७ आणि उजव्या बल्बवर ११.४ मिळाले. उजव्या दिव्याच्या अर्थमध्येच ०.६ व्होल्ट जात आहेत. रिफ्लेक्टर दोन्हीकडे करडे पडलेले आहेत. तेव्हा नवीन काचेची युनिटे, साधे ६०/५५ चे बल्ब आणि रिलेचे वायरिंग असे ठरवत आहे (रिले म्हणजे किरकोळ प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच). रिले कसे जोडावेत आणि डायनॅमोवर जादा लोड येईल का, हे कृपया सांगावे.

व्होल्ट_आणि_अँपिअर

या आकड्यांवरून आपला डावा दिवा सुमारे दोन-तृतीयांश आणि उजवा सुमारे साठ टक्के उजेड देत आहे. डायनॅमोची काळजी नको. बल्ब तेच राहत असल्यामुळे लोडमध्ये फारसा फरक पडत नाही.

अप्परसाठी एक आणि डिपरसाठी एक, असे दोन रिले घ्यावेत. प्रत्येक रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट तार आणावी, ८७ वरून बल्बकडे न्यावी, ८६ ला हेडलाईटची जुनी तार जोडावी आणि ८५ अर्थ करावी. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ प्रवाह जाईल, त्यामुळे स्विचचे आयुष्यही वाढेल. काही जपानी घडणीच्या गाड्यांमध्ये स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणून तार तोडण्यापूर्वी टेस्टलॅम्पने एकदा खात्री करून घ्यावी. मुख्य तार किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी, होल्डर सिरॅमिकचे घ्यावेत आणि रिलेच्या पिना खालच्या दिशेला ठेवाव्यात, म्हणजे आत पाणी साचत नाही.

फ्यूजबाबत विशेष विनंती आहे. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य तारेवर बॅटरीजवळच एक मोठा फ्यूज हवाच, परंतु रिलेनंतर डाव्या आणि उजव्या दिव्याला दहा-दहा अँपिअरचे स्वतंत्र फ्यूज द्यावेत. एका दिव्याची तार कुठे घासून शॉर्ट झाली तरी दुसरा दिवा जळत राहिला पाहिजे. दरीच्या कडेला वळण घेताना दोन्ही दिवे एकदम जाणे जिवावर बेतू शकते.

प्रकाशरेषा

वायरिंग झाल्यावर झोत लावून घेणे राहू देऊ नये, कारण उजेड वाढला की चुकीच्या कोनाचा त्रासही तेवढाच वाढतो. सपाट जागेवर, चाकांत योग्य हवा भरून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करून डिपरच्या झोताची कड त्या खुणेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली येईल असे दिव्याभोवतीच्या रिंगमधले स्क्रू फिरवावेत. हे करताना गाडीत नेहमीइतकी माणसे आणि सामान असावे. आपल्या जीपमध्ये मागच्या बाकांवर माणसे बसली की पाटे दबतात, नाक वर होते आणि रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला झोत थेट समोरच्या काचेत जातो. भार नेहमी बदलत असेल तर भरलेल्या गाडीवरच कोन ठरवावा. गाडी रिकामी असताना थोडे जवळ दिसेल, पण ते चालवून घेता येते.

पावसाळ्यातल्या धुक्यासाठी मात्र हेडलाईटकडून अपेक्षा ठेवू नये. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्यामुळे पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही सारखेच विखुरतात. उपयोग होतो तो दिवा खाली असण्याचा. बंपरच्या खालच्या पातळीवर, रुंद आणि चपट्या झोताचे दोन फॉग लॅम्प वेगळ्या स्विचवर आणि वेगळ्या रिलेवर घ्यावेत, आणि धुक्यात अप्पर पूर्ण बंद ठेवावा.

उस्ताद_कोल्हापूर

रिंगमधले ते स्क्रू इतक्या वर्षांनी गंजून बसलेले असणार. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि सकाळी हळूहळू पुढे-मागे करत सोडवावेत. नवीन युनिट घेतानाच स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या नटांचा संचही मागून घ्यावा, तो स्वस्तात मिळतो.