जॉइस आणि बेकेट गोल्फ खेळतात: टवाळी की समीक्षा?

कोपऱ्यातला वाचक
डोनल्ड क्लार्क यांचा २००१ सालचा एक आयरिश विनोदी लघुपट आहे. जेम्स जॉइस आणि सॅम्युएल बेकेट हे दोन आयरिश लेखक 'पिच अँड पट' खेळतात, एवढीच त्याची कल्पना. हा खेळ म्हणजे गोल्फचं धाकटं भावंड: अंतरं कमी, काठ्या दोन-तीन, खर्च बेताचा. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. बेकेट १९२८ मध्ये पॅरिसला गेला तेव्हा जॉइस त्याचं दैवत होता. पाय चेपले तरी जॉइससारखे अरुंद बूट घालण्यापर्यंत त्याची भक्ती गेली होती. त्यातून तो सुटला कसा? जॉइस भर घालत जाणारा लेखक, आपली वाट वजाबाकीची, हे उमगल्यावर. आता गोल्फचा नियम बघा: ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. दोघांमधलं सगळं नातं त्यात आलं.

तिसरी घंटा
साफ असहमत. फटक्यांचा मुद्दा तुमचा आहे, सुंदर आहे, पण प्रेक्षक तो घेऊन घरी जात नाही. त्याच्या लक्षात राहतो तो एक जाड भिंगाचा चष्मा आणि एक अबोल लंबूटांग्या. त्या चष्म्यामागे डोळ्यांवरच्या कितीतरी शस्त्रक्रिया होत्या. हस्तलिखितं वाचून दाखवायला, मजकूर उतरवून घ्यायला जॉइसला बेकेटसारखी तरुण मुलं लागायची. आणि अबोल बेकेट नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता, गटाशी फितुरी झाल्यावर खेड्यात लपून राहिला. यावर हशा कसा काय पिकवायचा?
शिवाय विनोदाचं लेबल लावलं की काय होतं ते १९५६ मध्ये मायामीत दिसलंच. बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'ची जाहिरात धमाल हसवणारं नाटक म्हणून केली, आणि लोक मध्यंतरातच उठून गेले.

कोपऱ्यातला वाचक
मायामीत चूक जाहिरातीची झाली, हसण्याची नाही. 'गोदो'च्या इंग्रजी आवृत्तीवर बेकेटनेच 'शोकात्म सुखात्मिका' असं लिहिलंय. १९६४ मध्ये त्याच्या एकुलत्या एका चित्रपटाचं चित्रीकरण झालं, तेव्हा कॅमेऱ्यासमोर होता मूकपटांचा विदूषक बस्टर कीटन. जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीची सुरुवात तर दाढीच्या साबणाचं भांडं उंच धरून केलेल्या प्रार्थनेच्या नकलेने होते. ज्यांनी प्रार्थनेची गंमत केली, त्यांची गंमत करायला आपण का कचरायचं?

निळी शाई
मला वेगळंच खुपतं. बेकेट डब्लिनजवळच्या फॉक्सरॉकच्या सुखवस्तू घरातला. कॅरिकमाइन्सच्या मैदानावर एकटाच गोल्फ खेळत राहायचा. क्रिकेटही इतकं चांगलं की डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्दम्प्टनशरविरुद्ध प्रथम श्रेणीचे दोन सामने खेळला, १९२५ आणि १९२६ मध्ये. जॉइसच्या वडिलांनी मात्र इस्टेट उडवली आणि बिऱ्हाड डब्लिनभर एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिलं. खऱ्या गोल्फ क्लबवर जॉइस उपराच ठरला असता. म्हणून पिच अँड पटची निवड अचूक आहे, तिथे दोघांना सारखीच जागा मिळते. पण चर्चेत सगळे विनोदावरच बोलताहेत, सामाजिक वर्गाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

तिसरी घंटा
निळी शाई, हा मुद्दा मान्य. 'थट्टा करू नये' असं माझं म्हणणं नाहीच, वाचक. बेकेटच्या नाटकात माणूस बूट काढायला धडपडतो, आपण हसतो, आणि त्याचा पाय खरोखर दुखत असतो. ते दुखणं लघुपटातल्या जॉइसला आहे का? कमी दिसणाऱ्या माणसाला खड्ड्याजवळचा झेंडा कुठे आहे हे कुणाला तरी विचारावं लागतं. तो बेकेटला विचारतो का, आणि बेकेट कसं सांगतो, एवढा एक प्रसंग नीट झाला असेल तर मी माझं मत बदलेन. नुसत्या चष्म्यावर आणि अबोलपणावर भागवलं असेल, तर माझा विरोध कायम.