व्हॅटिकनला आपल्या नेत्यांनी जावं का?

रानवारा (धागाकर्ता)
एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या अंत्यविधीला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गेल्या आणि आमच्या घरात वाद पेटला. काकांचं म्हणणं, एका धर्मगुरूच्या अंत्यविधीला आपल्या राष्ट्रपतींनी कशाला जायचं? माझं मत उलटं आहे.

व्हॅटिकन म्हणजे जेमतेम ४४ हेक्टर. मुसोलिनीच्या सरकारशी १९२९ मध्ये लॅटरन करार झाला आणि हे राज्य जन्माला आलं. पण देश राजदूत पाठवतात ते त्या जमिनीकडे नव्हे, पोपच्या पीठाकडे, म्हणजे ‘होली सी’कडे. १८७० ते १९२९ पोपच्या हाती राज्य नव्हतं, तरीही काही देशांचे दूत त्यांच्याकडे होतेच. भारताने १९४८ मध्येच संबंध जोडले.

भेटीत काय होतं? पोपशी ग्रंथालयात एकांतात बोलणं, भेटवस्तूंची देवाणघेवाण, फोटो. ते झालं की पाहुणे परराष्ट्र व्यवहार सांभाळणाऱ्या कार्डिनलकडे (पोपच्या खालोखालचे ज्येष्ठ धर्मगुरू), सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, जातात. कामाचं बोलणं तिथे होतं. शिवाय अशा प्रसंगी जग एका जागी येतं. त्या अंत्यविधीच्या दिवशी ट्रम्प आणि झेलेन्स्की सेंट पीटर्स बॅसिलिकात दोन खुर्च्या टाकून समोरासमोर बसले होते. आपण जावं, आणि काम घेऊन जावं.

मुळशीकर
पूर्ण असहमत. जगातल्या इतर कुठल्या धर्माच्या पीठाला संयुक्त राष्ट्रांत १९६४ पासून कायम निरीक्षकाची जागा आहे? मक्केला नाही, अमृतसरला नाही, बोधगयेला नाही. एकाच धर्मपीठाला देशाचा मान द्यायचा, त्याच्या दारी पंतप्रधानांनी जायचं आणि घरी परतून धर्मनिरपेक्षतेवर बोलायचं, हे मला जमत नाही.

आणि या पीठाने कोणाशी करार केले तेही बघा. १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारशी केला. २०१८ मध्ये बिशपांच्या नेमणुकीवरून चीनशी केला. तत्त्वापेक्षा संस्था टिकवण्याची काळजी जास्त, असंच मला त्यात दिसतं.

बार्देशकर
मुळशीकर, तुम्ही गोव्याचा इतिहास सोडून बोलताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा जगापुढचा दावा असा होता की गोवा ही पूर्वेतली कॅथलिक भूमी आहे, ती भारताला देणं म्हणजे ख्रिस्ती धर्मावर घाला. तो दावा युरोपात आणि अमेरिकेत खपत होता. जुलै १९५५ मध्ये नेहरू रोमला गेले, पोप पायस बारावे यांना भेटले, आणि त्यानंतर त्यांनी पत्रकारांना सांगितलं की गोव्याचा प्रश्न धार्मिक नाही, राजकीय आहे, हे पोपनाही मान्य आहे. सालाझारच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार त्या भेटीत बोथट झालं. हे काम लिस्बनशी बोलून झालं नसतं, लंडनशीही नाही. ते त्याच एका खोलीत होण्यासारखं होतं.

त्याआधी, १९५३ मध्ये, मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले होते. मूळचे गोव्याचे कुटुंब. भारतात कॅथलिकांना जागा नाही, असं म्हणायची सोय त्यानेही कमी झाली. म्हणून अशा भेटींना कोणी ‘देवदर्शन’ वगैरे म्हटलं की मला राग येतो.

मुळशीकर
बार्देशकर, माहितीबद्दल आभार. पण पुढचंही सांगा ना. त्या भेटीला सहा आठवडेही झाले नव्हते, तोच १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली. महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी जण त्या सत्याग्रहात होते. पोपच्या शब्दाने एक गोळी अडली नाही. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, सैन्य गेल्यावर.

आणि नंतर? पोर्तुगीज आर्चबिशप अल्वेर्नाझ १९६२ मध्ये गोवा सोडून गेले, तरी १९७५ पर्यंत ते पद कागदोपत्री त्यांचंच राहिलं. त्यांच्या जागी भारतीय आर्चबिशप, राऊल गोन्साल्विस, आले १९७८ मध्ये. पोर्तुगालने १९७४ मध्ये गोवा भारताचा मानेपर्यंत रोम थांबून राहिलं. ही कसली मैत्री?

अनघा व.
गोळी अडवायचं काम त्यांचं नाहीच. पण कधी कधी युद्ध अडतं. डिसेंबर १९७८ मध्ये बीगल सामुद्रधुनीतल्या बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली यांच्या फौजा लढाईच्या तयारीत होत्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल सामोरे यांना मध्यस्थीला पाठवलं, आणि १९८४ मध्ये तह झाला. २०१४ मध्ये अमेरिका आणि क्यूबा बोलू लागले, तेव्हा ओबामा आणि राउल कॅस्ट्रो दोघांनीही पोप फ्रान्सिस यांचे जाहीर आभार मानले.

बार्देशकर
मुळशीकर, गोव्याला नवा आर्चबिशप १९७८ मध्ये मिळाला, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. तो उशीर गोव्यातल्या लोकांनाही बोचला. पण त्यावरून मी एवढंच म्हणेन की १९६१ नंतर आपण रोमशी पुरेसं बोललो नाही.

रानवारा
बार्देशकरांशी सहमत, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. इटलीतल्या राजदूताकडेच हे काम सोपवलेलं होली सीला चालत नाही, म्हणून कितीतरी देश रोममध्ये दोन वेगळे दूतावास ठेवतात. आपलं काम मात्र वर्षानुवर्षं स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राजदूताकडे जोडकाम म्हणून राहिलं. दिल्लीत त्यांचा प्रतिनिधी बसतो, रोममध्ये आपला नाही. २०२१ मध्ये मोदींनी पोप फ्रान्सिस यांना भारतात यायचं निमंत्रण दिलं होतं. ते २०१७ मध्ये म्यानमार आणि बांगलादेशला जाऊन आले होते, भारतात मात्र कधीच आले नाहीत.

वसईची लेक
मी वसईची, कॅथलिक, घरात मराठी. १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले, भारतात आलेले पहिले पोप. माझी आजी ओव्हल मैदानावर गेली होती आणि तिने ते आयुष्यभर सांगितलं. तिच्यासाठी ती राजकीय भेट नव्हती.

मुळशीकर, तुमचा समानतेचा मुद्दा मला पटतो. पंतप्रधान व्हॅटिकनला गेले म्हणून माझा मान वाढतो असं मी मानत नाही. पण दर वेळी हा विषय निघाला की चर्चा घसरत घसरत ‘यांची निष्ठा कुठे’ इथवर येते. इथे अजून कोणी तसं लिहिलेलं नाही, म्हणून आत्ताच विनंती करते, कृपया तिकडे जाऊ नका. दूतावास उघडा, नाही उघडा, त्यावर भांडा.

मुळशीकर
ताई, तिकडे जाणार नाही, शब्द देतो. दूतावासाला माझा विरोध कायम आहे. पण आजींची आठवण सविस्तर लिहिलीत तर वाचायला आवडेल, वेगळा धागा काढा.