'टाइल' म्हणजे कौल की फरशी?

प्रश्न : एका सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेचं मराठी करते आहे. दहा-बारा खिडक्या उघड्या असल्या की त्या नीट लावायला मेनूत दोन आज्ञा आहेत, 'टाइल' आणि 'कॅस्केड'. जुन्या मसुद्यात 'कौलारू मांडणी' आणि 'धबधबा मांडणी' असं लिहिलंय. वाचून नेमकं काय होणार ते कळत नाही. काय लिहावं?

उत्तर : 'कौलारू' आधी काढा, त्यानं अर्थ उलटा होतो. इंग्रजीत छपरावरचं कौलही टाइल आणि जमिनीवरची फरशीही टाइल. आपल्याकडे त्या दोन वेगळ्या वस्तू. कौल मंगलोरी असो की नळीचं, एकावर एक चढवलं नाही तर घर गळणार. फरशी मात्र फरशीवर चढत नाही, तिची कड शेजारणीच्या कडेला भिडते. संगणकातली टाइल ही फरशी आहे. १९८५ साली आलेल्या विंडोज १.० मध्ये मुख्य खिडक्या अशाच कडेला कड लावून बसायच्या, एक दुसरीला झाकू शकत नसे. एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या १९८७ च्या २.० मध्ये आल्या. तेव्हा आज्ञा म्हणून 'शेजारी-शेजारी मांडा', आणि नामच हवं असेल तर 'फरसबंद मांडणी'.

कॅस्केडमध्ये प्रत्येक खिडकी आधीच्या खिडकीपेक्षा जरा खाली आणि जरा उजवीकडे सरकते, मागच्यांच्या शीर्षकपट्ट्या तेवढ्या दिसत राहतात. खरं तर 'कौलारू' याच्या जास्त जवळचा. पण छपरावर वरचं कौल खालच्याचं डोकं झाकतं, इथे डोकंच उघडं राहतं. मी 'पायऱ्यांसारखी मांडा' लिहीन.

प्रश्न : आणि नुसत्याच एकमेकींवर पडलेल्या खिडक्यांना? मी 'उतरंड' लिहिलं होतं.

उत्तर : उतरंड मडक्यांची. मोठं तळाला, लहान वर, आकारानं ठरलेली. चळत म्हटलं की नाणी डोळ्यांपुढे येतात, थप्पी म्हटलं की पोती. पातळ, सपाट वस्तूंची ती चवड : भाकऱ्यांची, कागदांची. खिडक्यांना हाच शब्द बसतो. शेवटची भाकरी सगळ्यांत वर, तशी शेवटी हाताळलेली खिडकी सगळ्यांत वर. ऑल्ट-टॅब एकदा दाबून सोडलं की लगेच आधीची खिडकी समोर येते, तीही याच क्रमानं. 'चवडीतली पुढची खिडकी' हे कुणालाही समजेल.

आणखी एक उत्तर : मिनिमाइझ, म्हणजे खिडकी बंद न करता पडद्यावरून बाजूला करणं, याला 'लोटणं' सुचवतो. 'लहान करा' फसवं आहे, कारण कडा ओढूनही खिडकी लहानच होते. घरात आपण कडी न लावता दार लोटून घेतो. ते बंद नसतं, हात लावला की उघडतं. मिनिमाइझ केलेल्या खिडकीचंही तसंच, आतलं काम जागच्या जागी असतं. काही भाषांतरांत विंडोला 'पटल' म्हणतात, पण पटल काही लोटता येत नाही. 'खिडकी' ठेवली की लावणं, लोटणं, उघडणं ही क्रियापदं आपोआप सोबत येतात, आणि त्यासाठीच मी तिच्या बाजूचा आहे.

प्रश्नकर्ती : 'लोटणं' फार आवडलं. पण बटणावर एकटं 'लोटा' लिहिलं तर पाण्याचा लोटा डोळ्यांपुढे येईल. तिथे 'लोटून ठेवा' असं पूर्ण लिहिते. बाकी 'शेजारी-शेजारी', 'पायऱ्यांसारखी' आणि 'चवड' आजच मसुद्यात घालते.