मदत हवी आहे : स्क्लेरोडर्मासाठी मलमाची चाचणी
आईला (वय ५२, सोलापूर) ३ वर्षांपासून स्क्लेरोडर्मा (कातडी जाड आणि ताठ होत जाण्याचा आजार) आहे. बोटांची कातडी इतकी ताठ झालीय की विड्या वळणं बंद पडलं. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी) आणि निफेडिपिन (रक्तवाहिन्या सैल करणारी) या गोळ्या चालू आहेत. फुफ्फुसाचा सीटी आणि हृदयाचा इको ठीक. खोबरेल, व्हॅसलीन, मेणाचा शेक सगळं करून पाहिलं. खाज कमी झाली, ताठपणा तसाच.

आता पुण्याच्या डॉक्टरांनी एका नव्या मलमाच्या चाचणीचं सुचवलंय. १७ ठिकाणी कातडी चिमटीत धरून ० ते ३ गुण देतात ना, त्यात आईचे ५१ पैकी २४ आलेत (जास्त गुण म्हणजे जास्त ताठपणा). महिन्यातून एकदाच पुण्याला जाणं जमेल.

अशा चाचणीत कुणाच्या घरचं कोणी होतं का? चालू गोळ्या बंद कराव्या लागल्या का? आणि तुलनेसाठी काहींना देतात ते औषध नसलेलं मलम वाट्याला आलं, तर शेवटी खरं मलम देतात का?