गावात भाड्याचं घर: पुण्यातले तुमचे अनुभव सांगा

मंडळी, नवऱ्याची बदली झाल्याने आम्ही नाशिकहून पुण्यात येतोय. त्याचं ऑफिस शिवाजीनगरला, माझं स्वारगेटला. एक स्कूटर आहे, चारचाकी नाही. वाघोली-हिंजवडीचे सल्ले भरपूर मिळाले, पण रोज दोन-दोन तास रस्त्यात घालवायचे नाहीत, गावातच, म्हणजे मध्यवस्तीत राहायचंय. जाहिरातीत सगळीच घरं 'प्राइम लोकेशन'ला असतात. तुम्ही स्वतः राहिलेल्या भागाबद्दल लिहा.

नारायणपेठी

पेठ बघू नका, गल्ली बघा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर हे चारही रस्ते विसर्जन मिरवणुकीचे, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. आमच्या आधीच्या घराची खिडकी थेट रस्त्यावर होती. ढोल सुरू झाले की फडताळातली भांडी वाजायची. आता त्याच पेठेत दोन गल्ल्या आत आहोत, तर निदान एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. गाडी मात्र आदल्या रात्रीच नदीपलीकडे लावून यायची.

दुसरं, नदीकडचा तळमजला स्वस्तात मिळत असेल तर आधी शेजारच्या दुकानात जा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, पात्रातला रस्ता बंद होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी त्या गल्लीत कुठवर आलं होतं ते तिथला जुना दुकानदारच भिंतीला हात लावून दाखवतो. एजंट 'इकडे कधीच नाही' म्हणतो.

एकटीच

एरंडवण्यात आणि डेक्कनला घरं उत्तम, झाडी भरपूर, रात्री उशिरा चालत यायलाही भीती वाटत नाही. घरमालक हा वेगळा विषय. एका काकूंनी हॉलसुद्धा न दाखवता दारातच विचारलं, "रविवारी काय करता जेवायला?" मी खरं ते सांगितलं, मासे. "आमची काही हरकत नाही हो, पण खालच्यांना चालत नाही." खालच्या मजल्यावर दवाखाना होता, तोही रविवारी बंद. शेवटी घर मिळालं ते मालक परदेशात असलेल्या सोसायटीत. भाडं जास्त, डिपॉझिटही जास्त, पण ओट्यावर काय शिजतं ते कोणी विचारत नाही.

कॉट बेसिस

सदाशिव आणि नवी पेठेत एमपीएससीवाल्यांची इतकी गर्दी की मालकांना अख्खा फ्लॅट कुटुंबाला देण्यापेक्षा कॉटवर, म्हणजे दर खाटेमागे भाडं घेऊन, दिलेला परवडतो. मी स्वतः तसाच राहतो. अभ्यासिका, मेस, झेरॉक्स सगळं खाली उतरलं की. पण तुम्हा दोघांना वन बीएचके हवा असेल तर भाव याच हिशेबाने ऐकायला मिळेल, तयारीने या.

नाना पेठ

वर कोणी पूर्वेकडच्या पेठांचं नावही काढलं नाही, अपेक्षितच होतं. आमच्याकडे त्याच मापाचं घर पुष्कळ कमी भाड्यात मिळतं. सकाळपासून टेम्पो आणि हातगाड्या असतात, हे खरं. पण तुकोबांची पालखी इथे निवडुंग्या विठोबाला उतरते आणि माउलींची शेजारी भवानी पेठेत, तेव्हा अख्खी गल्ली चहा-नाश्ता करून वारकऱ्यांना वाढत असते. आमच्याकडे नवीन भाडेकरूची ओळख त्यातच होते.

घरमालक (हो, मीच तो)

करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करायचं मालकाने. तेव्हा 'नोटरी पुरे' म्हणणाऱ्याला हे शांतपणे ऐकवा. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. ते कोण भरणार, आधीच लिहून घ्या.

मंडईवाला

ताई, तुमचं गणित सोपं आहे. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट ही सगळी एकाच मेट्रोवर. यातला न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झाला, तेव्हापासून आमच्या घरातली एक गाडी धूळ खातेय. शुक्रवार पेठेत मंडई स्टेशनच्या चालत्या अंतरात शोधा. जुनी इमारत असेल तर लिफ्ट आणि पाण्याची टाकी बघा, आणि स्कूटर नेमकी कुठे लावायची ते जागेवर उभं राहून विचारा.