मदत हवी आहे : एडवर्ड फॉक्स या इंग्लिश नटाची रंगभूमीवरची कारकीर्द समजून घ्यायची आहे

नमस्कार. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या गावातल्या वाचनालयाचे एक छोटे चित्रपट अभ्यास मंडळ आहे आणि तेथे एडवर्ड फॉक्स यांच्यावर तासाभराचे व्याख्यान देण्याचे मी कबूल केले आहे. चित्रपटांपुरती माझी तयारी झाली आहे; नाटकांपाशी मात्र मी अडलो आहे, म्हणून जाणकारांकडे मदत मागत आहे.

या नटाकडे मी वळलो तो वर्गातून. जालियनवाला बागेचा धडा शिकवताना मी दरवर्षी रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातला तो भाग मुलांना दाखवत असे. त्यात जनरल डायरची भूमिका फॉक्स यांनी केली आहे. गोळीबाराचा हुकूम देताना हा माणूस ओरडत नाही, दातओठ खात नाही आणि पुढे चौकशी समितीसमोर बसल्यावरही त्याच्या स्वरात ना राग असतो, ना पश्चात्ताप. १,६५० फैरी झाडणारा खरा डायर हंटर समितीपुढे असाच निःशंकपणे बोलला होता. त्याला प्रश्न विचारणाऱ्यांत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. मुले त्या प्रसंगी एकदम गप्प होत. आरडाओरडा करणाऱ्या खलनायकाचा राग येतो आणि ओसरतो. कर्तव्य बजावल्याच्या समाधानात बसलेल्या या माणसाची भीती मात्र मनातून जात नाही, असे मला दरवर्षी वाटे. फॉक्स यांचा जन्म १३ एप्रिल १९३७ चा, म्हणजे बागेतल्या हत्याकांडाला बरोबर अठरा वर्षे झाली त्या दिवसाचा, हे मला फार उशिरा कळले आणि कळल्यावर मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो.

त्यांचा उल्लेख नेहमी 'उमरावी थाटाचा नट' असा होतो. या शब्दाविषयी मला थोडी शंका आहे. त्यांच्या घराण्याला कोणताही किताब नव्हता. वडील रॉबिन फॉक्स हे नटांची कामे पाहणारे नामांकित एजंट होते. आईचे वडील फ्रेडरिक लॉन्सडेल हे उच्चभ्रू समाजावर विनोदी नाटके लिहिणारे नाटककार होते, आणि ते स्वतः जर्सी बेटावरच्या एका तंबाखू विक्रेत्याचे पुत्र होते. धाकटे भाऊ जेम्स फॉक्स हेही नट आहेत. म्हणजे हे घराणे सरदारांचे नसून नाटकवाल्यांचे आहे. हॅरोसारख्या शाळेतले शिक्षण आणि सैन्यातली नोकरी यांमुळे ती ऐट त्यांच्या अंगी आली असणार, परंतु तिचा उपयोग त्यांनी नटाच्या साधनासारखा केला, असे माझे मत आहे. 'खानदानी' हा आपला शब्द येथे मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो किताबापेक्षा वागण्याबोलण्याविषयी अधिक सांगतो.

चित्रपटांचा आलेख मला दिसतो तो असा. जोसेफ लोझी यांच्या १९७१ च्या 'द गो-बिटवीन'मध्ये त्यांनी बोअर युद्धात चेहरा विद्रूप झालेला एक तरुण उमराव साकारला आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये 'द डे ऑफ द जॅकल' आला. या चित्रपटासाठी दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांना फारसा परिचित नसलेला चेहरा हवा होता. गळ्याला रुमाल बांधलेला, नम्र, टापटिपीचा हा मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना ठार करण्याची तयारी एखाद्या कारकुनाच्या चोखपणाने करतो. पुढे 'अ ब्रिज टू फार'मध्ये त्यांनी दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती जनरल हॉरॉक्स रंगवले, तेव्हा खरे हॉरॉक्स हयात होते. या भूमिकेलाही बाफ्टा मिळाला. त्यानंतर १९७८ च्या सात भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत ते राजत्याग करणारा आठवा एडवर्ड झाले. हॉरॉक्सची भूमिका त्यांना देणारे अॅटनबरोच होते आणि पाच वर्षांनी डायरसाठीही त्यांनी फॉक्सनाच घेतले. सैनिकांना प्रिय असलेला, उत्साही सेनापती आणि निःशस्त्रांवर गोळ्या झाडणारा सेनापती, दोघांचीही चाल ताठ आणि उच्चार तोच. तरीही पहिल्याबद्दल आपल्याला माया वाटते आणि दुसऱ्यासमोर अंगावर काटा येतो. हा फरक नेमका कोठून येतो हेच मला व्याख्यानात दाखवायचे आहे.

आता अडचण सांगतो. फॉक्स यांनी आयुष्यभर नाटके केली आणि मी त्यांतले एकही पाहिलेले नाही. १९८१ मध्ये सायमन ग्रे यांचे 'क्वार्टरमेन्स टर्म्स', १९८२ मध्ये लंडनच्या यंग विक नाट्यगृहात हॅम्लेट, १९९७ मध्ये 'अ लेटर ऑफ रेझिग्नेशन'मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन, अशा नोंदी मी उतरवून घेतल्या आहेत, पण नोंदींवरून अभिनय कळत नाही. याच 'गांधी' चित्रपटात आपल्या डॉ. श्रीराम लागूंनी गोपाळ कृष्ण गोखले केले आहेत. केवळ तेवढी काही मिनिटे पाहून एखाद्या इंग्रजाने लागूंच्या कारकिर्दीवर व्याख्यान दिले, तर १९७० पासून 'नटसम्राट'मधले त्यांचे बेलवलकर पाहत आलेल्या आपल्या लोकांना ते कसे वाटेल? तोच अन्याय माझ्या हातून फॉक्स यांच्यावर होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

म्हणून विनंती अशी की, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कोणी त्यांना रंगमंचावर पाहिले असेल तर कृपया सविस्तर लिहावे. त्यांची रंगमंचावरची एखादी भूमिका चित्रफितीच्या रूपाने उरली असल्यास तीही सांगावी. आणि ओठ जेमतेम हलवत, शब्द तोडून बोलण्याची त्यांची जी पद्धत आहे, ती शेवटच्या रांगेपर्यंत कशी पोचत असे, हे मला विशेष जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

सर, नमस्कार. मी गेली तीस वर्षे लंडनमध्ये आहे आणि त्यांना दोनदा रंगमंचावर पाहिले आहे.

पहिल्यांदा मॅकमिलनच्या भूमिकेत पाहिले. आपले युद्धमंत्री प्रोफ्युमो यांच्या प्रेमप्रकरणाच्या वादळात सापडलेला, काळ आपल्या हातून निसटला आहे हे उमजलेला म्हातारा पंतप्रधान त्यांनी उभा केला होता. दुसऱ्यांदा २०१७ मध्ये, थिएटर रॉयल हेमार्केटमध्ये. कवी जॉन बेचमन यांच्यावरचा तो एकपात्री प्रयोग होता आणि फॉक्स तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. दोन्ही संहिता नाटककार ह्यू व्हाइटमोर यांच्याच.

आवाजाविषयी आपण विचारले आहे. माझ्या आठवणीप्रमाणे ते आवाज चढवत नसत, पण शब्दाचे शेवटचे व्यंजन कधी गिळतही नसत. स्वर आखूड ठेवायचा आणि व्यंजन स्वच्छ टाकायचे, त्यामुळे पुटपुटल्यासारखे वाटणारे वाक्यही वरच्या सज्जात नीट ऐकू येई. बेचमनच्या कविता म्हणताना यमकावर त्यांनी कोठेही जोर दिला नाही. यमक आपोआप कानावर पडे.

चित्रफितीबाबत आपल्यासाठी चांगली बातमी आहे. 'क्वार्टरमेन्स टर्म्स' रंगमंचावर नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांनी दिग्दर्शित केले होते. पुढे १९८७ मध्ये बीबीसीने त्याचे दूरचित्रवाणी रूपांतर केले आणि त्यातही क्वार्टरमेनच्या भूमिकेत फॉक्सच होते. सोबत ज्येष्ठ इंग्लिश नट जॉन गिलगुड आहेत. ते आपण आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या केंब्रिजमधल्या एका शाळेची शिक्षक-खोली, एवढेच स्थळ. क्वार्टरमेन हा तिथला एकटा, भला, वर्गात लक्ष नसलेला शिक्षक. सगळे जण त्याच्यापाशी येऊन आपापली दुःखे सांगतात आणि शेवटी नवा मुख्याध्यापक त्यालाच कामावरून कमी करतो. डायरचा ताठपणा ज्या सभ्य, संयत बोलण्यातून येतो, त्याच बोलण्यातून येथे असहायता येते. आपण शिक्षक आहात, त्यामुळे ती खोली आपल्याला लगेच ओळखू येईल.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. व्यंजनांविषयी आपण लिहिलेले वाचून मी डायरच्या चौकशीचा प्रसंग डोळे मिटून पुन्हा ऐकला. वाक्याच्या शेवटी आवाज खाली येतो, पण शेवटचे अक्षर तितकेच कोरडे आणि स्पष्ट राहते. इतकी वर्षे मी तो प्रसंग फक्त पाहत होतो.

व्याख्यानाची मांडणी आता बदलतो. चौकशी समितीचा प्रसंग आधी दाखवीन आणि त्यानंतर लगेच क्वार्टरमेनला कामावरून काढतात तो शेवट. मधे मी काही बोलणार नाही. १९८७ चे ते रूपांतर भारतात तबकडीच्या स्वरूपात कोणाकडे असल्यास, किंवा ते कोठून मागवावे हे माहीत असल्यास, कृपया येथेच कळवावे.